एकोणिसावा भाग

आमच्या घरात निरोप ठेवायची जागा म्हणजे विजेच्या मीटरची लाकडी पेटी. बाबा लखनौच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते आणि निशातगंजच्या पुढे, संस्थेच्या कॉलनीत आम्ही चौघं राहायचो. जो शेवटी बाहेर पडेल त्यानं कुलूप लावून चावी मीटरवर ठेवायची आणि पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूनं पेन्सिलीनं निरोप लिहायचा, असा नियम. पेन्सिल सुतळीनं तिथेच बांधलेली असे. आई पूर्ण वाक्यं लिहायची: ‘वाणसामान आणायला गेले आहे. कुकर गार झाल्याशिवाय उघडू नये.’ बाबा फक्त वेळ लिहायचे. दादा हिंदी-मराठीची खिचडी करायचा आणि खाली एक तलवार काढायचा.

तलवारीचं खूळ चिनी मालिकांमुळे शिरलं. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. दादा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, मी बारावीत. निशातगंजच्या बाजारातल्या एका सीडीवाल्याकडून तो या मालिका आणायचा. पांढऱ्या झग्यातले लोक बांबूच्या शेंड्यांवर उभे राहून मारामारी करतायत, तळहात नुसता पुढे केला की समोरचा दहा हात मागे उडतोय. खाली इंग्रजी अक्षरं उमटायची. ती लिहिणाऱ्याला इंग्रजी येत नसावं, कारण शत्रूच्या अंगावर धावून जाणारा माणूस म्हणायचा, ‘कृपया मरावे.’ आम्ही हसून लोळायचो. पण हसता हसता आम्ही अडकलो. आम्ही दोघंही अभ्यासात जेमतेम, शास्त्रज्ञ बापाची दोन सामान्य पोरं. आणि तिथे पडद्यावर एखादा लाथा खाल्लेला, आश्रमातून हाकलून दिलेला पोरगा दहा वर्षं गुहेत बसायचा आणि बाहेर यायचा तो कुणालाच आवरायचा नाही. आपल्यालाही कुठूनतरी म्हातारा गुरू भेटेल, असं आम्हाला मनापासून वाटायचं. बाबांसमोर कबूल केलं नसतं, एवढंच.

दादानं या मालिकांचे नियम शोधून काढले होते. तोंडातून रक्त आलं की माणूस मेला. लग्नाचं वचन देऊन लढाईला गेला की मेला. पण कड्यावरून पडला तर मात्र मरत नाही. खाली नदी असते, झाड असतं, औषधी मुळ्या खाऊन जगणारा कुणीतरी असतो. प्रेत दिसलं नाही म्हणजे माणूस परत येणार. “गिरा है तो बचेगा, यार. रूल है,” असं तो सीडी थांबवून सांगायचा.

शेवटची मालिका आम्ही अर्धीच बघितली. त्यात एक मठातला शिष्य होता आणि औषधं कुटणारी एक मुलगी. अठराव्या भागाच्या शेवटी त्याला बाण लागतो आणि तो धुक्यानं भरलेल्या दरीत पडतो. मी रडकुंडीला आले. दादा जांभई देत म्हणाला, “रो क्यों रही है? गिरा ना?” दुसऱ्या दिवशी तो चार मित्रांबरोबर गढवालात ट्रेकला निघणार होता. सकाळी मी क्लासला गेले होते. परत आले तेव्हा झाकणावर लिहिलेलं होतं: ‘७ दिन में वापस. १९ वा भाग माझ्याशिवाय बघायचा नाही. बघितलास तर मार खाशील.’ खाली तलवार.

सहाव्या दिवशी फोन आला. पावसानं वाट निसरडी झाली होती, त्याचा पाय सरकला, खाली नदी होती. मित्रांनी पडताना बघितलं, नंतर काहीच दिसलं नाही. बाबा गेले आणि अकरा दिवस तिथे राहिले. परत आले ते त्याची पाण्याची बाटली घेऊन. ती वाटेतल्या झुडपात अडकली होती.

“पाण्याला ओढ फार आहे,” बाबा म्हणाले.

“तुम्ही बघितलंत त्याला?” आईनं विचारलं.

“नाही.”

“मग?”

बाबांनी बाटली तिच्या हातात दिली. तो ‘मग’ पुढे बारा वर्षं घरात राहिला.

आईनं जेवण सोडलं. अजिबात न रडता ती दिवाणावर बसून राहायची. डॉक्टर म्हणाले, सलाइन किती दिवस लावणार, पोटात अन्न गेलं पाहिजे. बाबांनी हात टेकले. एका दुपारी मी वरणभात कालवून तिच्यासमोर बसले आणि काय बोलावं ते न कळून तिला नियम सांगितला. कड्यावरून पडलेला माणूस मरत नाही. दादाच म्हणायचा. मी तिला पाच मालिकांतले पाच पडलेले लोक सांगितले, कोण कुठल्या झाडात अडकला, कुणाला कोळ्यानं उचललं, कुणाची आठवण गेली आणि कोण नऊ वर्षांनी परत आला. आईनं तोंड उघडलं. मी घास घातला. चार घास झाल्यावर ती म्हणाली, “अजून सांग.”

मी सतरा वर्षांची होते. मला वाटलं मी आईला वाचवलं.

त्यानंतर रोज दिवेलागणीला मी आईला चिनी मालिका वाचून दाखवू लागले. वाचून हाच शब्द बरोबर, कारण आईला इंग्रजी जेमतेम यायचं आणि मी खालच्या ओळी मराठीत सांगायचे. ती देवाजवळ दिवा लावायची, हातपाय धुऊन संगणकासमोर मांडी घालायची आणि पोथी ऐकावी तशी ऐकायची. मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही. भाग संपला की ती नमस्कार करायची. कुणाला, ते मी कधी विचारलं नाही. सीड्या गेल्या, हार्ड डिस्क आल्या, मग इंटरनेटवर सगळंच मिळू लागलं. मालिकांमागून मालिका संपल्या. फक्त ती अर्धी राहिलेली आम्ही कधी लावली नाही. तिच्या सीड्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कपाटावर होत्या.

आईला त्या मालिकांमध्ये काय दिसायचं, ते मला हळूहळू कळलं. मारामारी सुरू झाली की ती वाती वळायला घ्यायची. तिला आवडायचं ते थांबणं. त्या गोष्टींमध्ये कुणीही कुणासाठी कितीही वर्षं थांबू शकतं आणि कुणी त्याला वेडं म्हणत नाही. बर्फात उभं राहतात, केस पांढरे होतात, आणि शेजारपाजारचे त्यांना वाकून मान देतात. आमच्या कॉलनीतल्या बायका आईला म्हणायच्या, “भाभीजी, अब भूल जाइए.” पडद्यावरच्या बायकांना असं कुणी म्हणायचं नाही. आईला तो देश जवळचा वाटू लागला, यात नवल नव्हतं.

ऐकून ऐकून तिला शब्दही कळायला लागले. आमच्या डॉक्टरांना ती घरात ‘शीफू’ म्हणायची, म्हणजे गुरू. मालिकेतली एखादी पोरगी ‘गेगे’ म्हणून ओरडली की आई माझ्याकडे बघायची, कारण गेगे म्हणजे दादा. आणि मी बँकेतून घरी आले की दार उघडता उघडता म्हणायची, “ह्वेलाय ल!” म्हणजे परत आली. मी हसायचे. पण घंटा वाजल्यावर दारापर्यंत येतानाचा तिचा चेहरा मला जाळीतून दिसायचा, आणि मी आहे हे कळल्यावर त्या चेहऱ्यावरून जे उतरायचं तेही दिसायचं. रोज. बारा वर्षं रोज मी त्या दारात दादा नसण्याचा गुन्हा केला.

माझं चिडणं मी लपवणार नाही. मला आईचा राग यायचा. पुण्याहून दोन चांगली स्थळं आली, मी नाही म्हटलं, कारण मी गेले तर वाचणार कोण? बँकेत बढतीबरोबर बदली मिळत होती, ती नाकारली. मैत्रिणी म्हणाल्या, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय. बाबा संध्याकाळी आम्ही बसलो की बाल्कनीत जाऊन पाठ करून उभे राहायचे. त्यांना तो आवाज सहन व्हायचा नाही. मलाही व्हायचा नाही. बांबूच्या वनातली ती बासरी सुरू झाली की मी आवाज कमी करायचे. पण मीच लावलेलं होतं ते. मी कुणाकडे तक्रार करणार?

मग बाबा निवृत्त झाले. क्वार्टर चार महिन्यांत सोडायचं होतं. बाबांनी नाशिकला फ्लॅट घेऊन ठेवला होता. आई म्हणाली, “मी येणार नाही.”

“अगं, हे घर आपलं नाही.”

“त्याला ते घर माहीत नाही,” आई म्हणाली. अगदी साध्या आवाजात.

मी सकाळी खोकी भरायचे, बँकेतून परत येईपर्यंत आईनं सगळं जागच्या जागी लावलेलं असायचं. दादाची सायकल, त्याची ड्रॉइंग बोर्डाची पाटी, त्याचे बूट. मागे एकदा रंगारी आले होते तेव्हा ती मीटरच्या पेटीला पाठ लावून दिवसभर उभी राहिली होती, त्या झाकणाला ब्रश लागू दिला नव्हता. आता ती तशीच अख्ख्या घराला पाठ लावून उभी होती. घर रिकामं करण्याचं दुसरं पत्र आलं त्या दिवसापासून तिनं पुन्हा जेवण सोडलं. बारा वर्षांपूर्वीचा तोच दिवाण, तीच बसण्याची पद्धत. फक्त आता तिचं वय साठीला टेकलं होतं आणि मनगटं काडीसारखी झाली होती.

त्याच आठवड्यात बाबा माझ्यासमोर रडले. स्वयंपाकघरात, ओट्याला धरून. “बारा वर्षं झाली गं. शास्त्रात एवढीच वाट बघायला सांगितलीय. मला त्याला पाणी द्यायचंय. बाप आहे मी. तो तिथे तहानलेला असेल असं मला वाटतं.” शास्त्रज्ञ माणूस, जन्मात कधी सोवळं नेसला नव्हता. मी म्हटलं, मग करा ना. ते म्हणाले, “तिनं हो म्हटल्याशिवाय कसं करू? तिच्या लेखी मी जिवंत मुलाचं श्राद्ध घालीन.”

मी त्या दिवशी कपाटावरून बिस्किटांचा डबा काढला.

काय करायचं ते माझं ठरलेलं होतं. आईला मीच कड्यावर चढवलं होतं, उतरवायचंही मीच. बँकेतून अर्धी रजा टाकून मी आलमबागच्या एका सायबर कॅफेत गेले, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून इतक्या लांब. कानाला हेडफोन लावून एकोणिसावा भाग सुरू केला. दादाशिवाय बघायचा नाही म्हणून बारा वर्षं न बघितलेला भाग मी त्याला मारण्यासाठी बघत होते. तीन दुपारी मी तिथे बसले. मालिकेत दहा वर्षं जातात. ती औषधवाली मुलगी दरीच्या तोंडाशी चहाचं दुकान टाकून बसलेली असते. सव्विसाव्या भागात एक माणूस येतो, डोक्यावर बांबूची रुंद टोपी, टोपीवरून सोडलेली काळी जाळी, चेहरा दिसत नाही. तो चहा पितो, दोन वाक्यं बोलतो. पुढच्या भागात टोपी काढतो. अर्थात तोच असतो. दादाचा रूल.

माझ्यासाठी ती जाळी पुरेशी होती.

घरी येऊन मी आईला म्हटलं, “दादाची ती राहिलेली बघूया?” तिनं डब्याकडे बघितलं. मग म्हणाली, “लाव.” पण जेवलीस तरच, अशी अट मी घातली. ती जेवली. आम्ही पहिल्या भागापासून सुरू केली. अठराव्याला तो पडला तेव्हा आई नेहमीसारखी पुढे सरसावली नाही, तिनं वातीही वळल्या नाहीत. एकोणिसाव्याला मला वाटलं मागच्या खुर्चीत कुणीतरी आहे आणि आता पाठीत गुद्दा बसणार. बसला असता तर किती बरं झालं असतं.

सव्विसावा भाग. टोपीवाला बसला, चहा प्यायला आणि बोलला. मी सांगितलं, “तो म्हणतोय, बाई, मी खाली दरीत राहतो. तुमचा माणूस मला सापडला होता. तो माझ्या हातात गेला.” मी पडद्यावरून नजर हलवली नाही. “त्याला फार दुखलं नाही, म्हणतोय. मी त्याच्या तोंडात पाणी घातलं. त्यानं घरच्यांची नावं घेतली. आता वाट बघू नका, म्हणतोय.”

पडद्यावर त्या बाईच्या हातातून किटली पडली आणि ती रडत रडत हसू लागली. ते हसू माझ्या हिशेबात नव्हतं. मी घाईनं म्हटलं, “सुटली ना बिचारी, म्हणून.” आई पडद्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी संगणक बंद केला.

“संपली?”

“संपली.”

“डब्यात अजून दोन सीड्या आहेत.”

“खराब झाल्यात त्या, आई.”

“बरं,” आई म्हणाली. तिनं नमस्कार केला नाही. माझ्या गालावरून हात फिरवला, मी आजारी असल्यासारखा. मग विचारलं, “पाणी घातलं म्हणाला ना तो?”

“हो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना तिनं बाबांना सांगितलं, “गुरुजींना बोलवा. आणि खोकी आणा.”

गुरुजी बनारसहून आले, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले मराठी गुरुजी. देह मिळाला नसेल तर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. गोमतीच्या काठावर बाबांनी तो एकेक पान लावून केला, प्रयोगशाळेत करावं तसं नीट, वाकून. मला वाटलं होतं बाबांना मोकळं वाटेल. तसं वाटलंही त्यांना. पाणी देताना ते हमसून रडले आणि नंतर त्यांचे खांदे खाली आले, ते बारा वर्षांत पहिल्यांदाच. आई घाटाच्या पायरीवर शांत बसली होती. माझं मात्र काही सुटलं नाही. त्या पानांच्या माणसाला अग्नी दिला तेव्हा माझ्या तोंडून किंकाळी निघाली असती, मी पदराचा बोळा तोंडात घातला. पहिल्यांदा त्याचा पाय घसरला होता. या वेळी त्याला मी ढकललं होतं, स्वतःच्या तोंडानं, स्वच्छ मराठीत. आणि मला तेव्हा कळलं की आईच्या शेजारी बसून बारा वर्षं वाट मीही बघत होते. तिला मी हातानं उतरवून घेतलं. मला उतरवायला कुणी नव्हतं.

सामानाचा ट्रक सकाळीच गेला. आम्ही रात्रीच्या गाडीनं जाणार होतो, तोवर शेजाऱ्यांकडे थांबायचं ठरलं होतं. बाबांनी क्वार्टरची चावी ऑफिसच्या माणसाच्या हातात दिली. आई मागे वळूनही न बघता जिना उतरली. मला तिचं ते न बघणं सोसवेना. मी म्हटलं, माझा रुमाल राहिला, आणि वर धावले. पर्समध्ये नवी पेन्सिल होती. ती आदल्या दिवशीच घेऊन ठेवली होती. म्हणजे एकीकडे तो गेला असं मी आईला सांगत होते आणि दुसरीकडे त्याला निरोप लिहायला पेन्सिल विकत घेत होते.

मीटरची पेटी उघडली. झाकणावर दादाचा निरोप होता, पुसट, पण वाचता येण्यासारखा. खाली तलवार. त्या तलवारीच्या खाली आईचं अक्षर होतं, ताजं, ठसठशीत. ‘आम्ही नाशिकला राहायला गेलो आहोत.’ मग फ्लॅटचा पूर्ण पत्ता, बसस्टॉपपासून कसं यायचं त्यासकट. ‘जेवून निघावे. वाटेत काही खाऊ नये. धाकटीला बोलू नये, ती फार थकली आहे.’

तेव्हा मला आठवलं, टोपीवाल्यानं तोंड उघडलं तेव्हा त्याचा पहिला शब्द काय होता. ह्वेलाय ल. परत आलो. आमच्या घरात रोज दारात म्हटला जाणारा शब्द. आईला माझ्या भाषांतराची गरज नव्हती. तिनं तो ऐकला, मग माझं ऐकलं, आणि माझ्याकडे बघून बाबांना सांगितलं, गुरुजींना बोलवा.

खालून बाबांनी हाक मारली. मी पेन्सिल काढली. मग आईच्या ओळीखाली लिहिलं: ‘दादा, १९ वा भाग मी बघितला. सॉरी.’ त्याच्या खाली माझा मोबाइल नंबर लिहिला, आकडे सुटे सुटे, नीट वाचता येतील असे, आणि झाकण लावलं.